काका खोटं बोलत नाहीयेत, ते २००६ च्या आधीचं बॅडमिंटन खेळतायत

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये नवीन कोर्ट आखलंय, रोज रात्री डबल्स होतात आणि रोज वादावादी. एक काका म्हणतात सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट, आणि एकाची सर्व्हिस गेली की पार्टनरला सेकंड सर्व्हिस मिळते. तुम्ही म्हणता आता प्रत्येक रॅलीला पॉइंट असतो. पॉइंट झाल्यावर जागा कोणी बदलायची हे चौघांपैकी कोणालाच नक्की माहीत नाही. शिवाय सर्व्हिस नेटला घासून पलीकडे पडली तर परत करायची का, आणि शटल छताला लागलं तर काय. म्हणून तुम्ही "बॅडमिंटनचे बेसिक नियम सांगा" असं विचारलंय.

मी पंचवीसेक वर्षं खेळतोय, सकाळी हॉलवर मुलांना शिकवतो, आणि शनिवार-रविवार लोकल टूर्नामेंट असली की अंपायरच्या खुर्चीत बसतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा प्रॉब्लेम नियम माहीत नसण्याचा नाहीये. तुमच्या कोर्टवर एकाच वेळी दोन वेगळे खेळ चाललेत. काका जे सांगतायत ते अगदी बरोबर होतं, फक्त २००६ पर्यंत. तेव्हा डबल्सचा गेम १५ चा असायचा (बायकांची सिंगल्स ११ ची), पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळायचा, आणि डबल्समध्ये एक पार्टनर हरला की दुसऱ्याला सेकंड सर्व्हिस मिळायची, दोघंही हरले की मग सर्व्हिस पलीकडे. मी स्वतः असंच शिकलो. कधी कधी पाच पाच मिनिटं सर्व्हिस इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, घाम निथळतोय आणि बोर्ड आपला ७-६ वरच. मॅच वीस मिनिटांत संपेल का दीड तास चालेल काही सांगता यायचं नाही. २००६ मध्ये वर्ल्ड फेडरेशनने ते बंद केलं आणि २१ चा गेम आणला, प्रत्येक रॅलीला पॉइंट, सर्व्हिस कोणाचीही असो. सेकंड सर्व्हिस तेव्हाच गेली. मधे ११ चे पाच गेम करायचा प्रस्ताव आला होता, २०२१ मध्ये तो थोडक्यात पडला, १५ च्या गेमचीही काही स्पर्धांमध्ये चाचणी झालीये, पण तुमच्या रात्रीच्या खेळाला २१ चंच धरून चला.

तर २१ चं गणित आधी. तीनपैकी दोन गेम जिंकायचे. आधी २१ होतील तो जिंकला, पण २०-२० झालं तर दोनची आघाडी लागते, २२-२०, २३-२१ असं. आणि हे अनंत चालत नाही, २९-२९ झालं तर पुढचा एकच पॉइंट, ३० वर संपलं. गेम जिंकणारी बाजू पुढच्या गेममध्ये पहिली सर्व्हिस करते. एका बाजूचे ११ झाले की एक मिनिटाचा ब्रेक, दोन गेमच्या मधे दोन मिनिटं, आणि तिसरा गेम झालाच तर त्यात कोणाचेही ११ झाल्यावर साइड बदलायची. तुमच्याकडे रात्री आठनंतर बाहेर आठ जण वाट बघत उभे असणार, तेव्हा एकच गेम खेळून कोर्ट सोडा, त्यात काही गैर नाही.

आता मूळ मुद्दा, जागा कोणी बदलायची. माझ्या हिशोबाने डबल्समधली ऐंशी टक्के भांडणं इथेच असतात आणि खरं तर लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच आहेत. एक, सर्व्हिस करणाऱ्या बाजूचा स्वतःचा आकडा बघायचा, सम असेल (शून्य धरून) तर उजव्या बॉक्समधून सर्व्हिस, विषम असेल तर डाव्या. समोरच्याचा आकडा बघायचाच नाही. दोन, सर्व्हिस करत असताना पॉइंट जिंकला तरच त्या जोडीने आपापसात जागा बदलायची आणि त्याच माणसाने सर्व्हिस चालू ठेवायची. बाकी कुठल्याही वेळी कोणीही हलायचं नाही. सर्व्हिस घेणारी जोडी पॉइंट जिंकली तरी हलत नाही, हरली तरी हलत नाही.

हे नुसतं वाचून डोक्यात बसत नाही, म्हणून एक गेम चालवून बघू. एका बाजूला तुम्ही उजवीकडे आणि तुमचा भाऊ डावीकडे. समोर काका त्यांच्या उजवीकडे आणि नाना डावीकडे. लव्ह ऑल, म्हणजे ०-०. तुम्ही उजवीकडून तिरकी सर्व्हिस काकांना केली (त्यांची उजवी बाजू तुमच्या तिरक्या समोरच येते). रॅली तुम्ही जिंकलात, १-०. आता तुम्ही आणि भाऊ जागा बदलणार, तुम्ही डावीकडून नानांना सर्व्हिस करणार. काका-नाना जागचे हलणार नाहीत. ही रॅली ते जिंकले, १-१. सर्व्हिस त्यांच्याकडे गेली, त्यांचा आकडा एक म्हणजे विषम, म्हणजे डावीकडे जो उभा आहे तो करणार, म्हणजे नाना. काकांनी कितीही हात पुढे केला तरी नाना. नाना डावीकडून करणार, तुमच्या बाजूला डावीकडे आत्ता तुम्ही आहात (बदलली होती ना जागा) म्हणून घेणार तुम्हीच. ती रॅली तुम्ही जिंकलात, २-१. कोणी हलायचं नाही. तुमचा आकडा दोन, सम, उजवीकडे कोण आहे? भाऊ. आता सर्व्हिस भावाची, काकांना. तीही गेली तर २-२, त्यांचा आकडा सम, त्यांच्या उजवीकडे काका, सर्व्हिस काकांची. म्हणजे सर्व्हिस हातातून जात राहिली तर क्रम बघा, तुम्ही, नाना, भाऊ, काका, आणि परत तुम्ही. प्रत्येकाला आपोआप पाळी मिळते, त्यासाठी वेगळी सेकंड सर्व्हिस लागतच नाही. काकांना अन्याय वाटतो तो इथेच, त्यांना वाटतं पार्टनरची सर्व्हिस खाल्ली. खाल्ली नाही, पुढच्या फेरीला येणारच आहे.

आणि अजून एक, जे मला कळायला दोन वर्षं लागली. जुने खेळाडू एक ट्रिक सांगतात, "आपला आकडा सम असला की आपण गेमच्या सुरुवातीला जिथे उभे होतो तिथेच असतो". तुमचे काका ही ट्रिक वापरत असणार, मला जवळजवळ खात्री आहे. जुन्या पद्धतीत ती पक्की होती कारण पॉइंट फक्त सर्व्हिसवरच मिळायचा आणि प्रत्येक पॉइंटला जागा बदलायची, त्यामुळे आकडा आणि जागा एकमेकांना बांधलेले. आता सर्व्हिस समोरच्याची असतानाही पॉइंट मिळतो आणि तेव्हा जागा बदलत नाही, म्हणून ती गाठ सुटली. वरच्याच उदाहरणात बघा, तुमचा आकडा २ आहे, सम आहे, पण तुम्ही सुरुवातीला उजवीकडे होतात आणि आता डावीकडे आहात. काका अशा वेळी तावातावाने "मी उजवीकडेच असणार, आपले सहा झालेत" म्हणत पार्टनरला ढकलत असतील. (सिंगल्समध्ये हा गोंधळ नाही, तिथे सर्व्हिस करणाऱ्याचा आकडा सम तर दोघंही उजवीकडे, विषम तर दोघंही डावीकडे, संपलं.)

मग डबल्समध्ये जागा लक्षात कशी ठेवायची? आकड्यावरून नाही, "मागची रॅली सुरू झाली तेव्हा मी कुठल्या बॉक्समध्ये होतो" यावरून. रॅलीत तुम्ही कुठेही पळा, सगळं कोर्ट तुमचंच आहे, पण रॅली संपली की आधीच्या बॉक्सचा विचार करा आणि मग आपण सर्व्हिसवर पॉइंट घेतला का एवढंच विचारा. घेतला असेल तर बदला. मी मुलांना सर्व्हिसच्या आधी स्कोअर मोठ्याने ओरडायला लावतो, सर्व्हिस करणाऱ्याचा आकडा आधी. निम्मे वाद तिथेच मिटतात कारण "सात-पाच" म्हटल्यावर सात विषम, डावीकडे, हे चौघांनाही एकदम ऐकू येतं.

तरीही चुकणार. अंपायरची सुद्धा चुकते. एका टूर्नामेंटला पस्तिशीच्या पुढच्यांची डबल्स होती, मी खुर्चीत. स्कोअरशीटवर चार खेळाडूंच्या चार ओळी असतात, सर्व्हिस ज्याच्याकडे त्याच्या ओळीत आकडा लिहायचा. मी एक आकडा वरच्या ओळीत लिहायचा तो खालच्या ओळीत लिहिला. सर्व्हिस परत आली तेव्हा त्या जोडीचा आकडा १७, म्हणजे डावीकडच्याने करायची, केली उजवीकडच्याने, आणि शीट चुकलेली असल्यामुळे मलाही कळलं नाही. पॉइंट झाला, १८-१६. मग समोरचा रॅकेट खाली ठेवून म्हणाला, सर चुकीच्या माणसाने सर्व्हिस केली, पॉइंट कॅन्सल करा. कानशिलं गरम झाली माझी. पण नियम स्पष्ट आहे, चुकीच्या माणसाने किंवा चुकीच्या बॉक्समधून सर्व्हिस झाली तर लक्षात आल्याक्षणी दुरुस्त करायची आणि झालेला स्कोअर तसाच राहतो. मागे जाऊन पॉइंट काढून घ्यायचे नाहीत. तो चिडलाच, पण खेळला. तुमच्याकडे हा एकच नियम सगळ्यांनी मान्य केला तरी बराच फरक पडेल, कारण "तीन पॉइंट आधी तू चुकीचा उभा होतास" या वाक्याला मग काही अर्थच उरत नाही.

सर्व्हिस नेटला लागून पडली तर, हे टेबल टेनिस आणि टेनिसमधून आलंय, तिथे परत करतात. आपल्यात नाही. नेटला घासून बरोबर बॉक्समध्ये पडली तर चांगली सर्व्हिस, खेळायचं. अलीकडेच पडली किंवा पलीकडे जाऊन जाळीतच अडकली तर फॉल्ट, पॉइंट समोरच्याला. रॅली चालू असताना मात्र शटल नेटच्या पट्टीवर टांगून राहिलं किंवा पलीकडे जाऊन अडकलं तर लेट, तो पॉइंट परत खेळायचा. सर्व्हिस करताना रॅकेट फिरवली आणि शटल लागलंच नाही तर तो फॉल्टच, "लागलं नाही म्हणून मोजायचं नाही" हे गल्लीत चालतं, कोर्टवर नाही. आणि समोरचा तयार नसताना केली तर लेट, पण त्याने मारायचा प्रयत्न केला की तो तयार होता असंच धरतात, मारून बाहेर घालवल्यावर "मी रेडी नव्हतो" चालत नाही.

सर्व्हिसच्या बॉक्सचंही एकदा नीट बघून घ्या, कारण कोर्टवर एवढ्या रेषा असतात की नवीन माणूस गांगरतो. डबल्सचा सर्व्हिसचा बॉक्स बुटका आणि जाडा, सिंगल्सचा उंच आणि सडपातळ. डबल्समध्ये बाजूची पट्टी आत धरायची पण मागची पट्टी (शेवटच्या रेषेच्या आत ७६ सेंटीमीटर) सर्व्हिसला बाहेर. सिंगल्समध्ये उलटं, मागे शेवटच्या रेषेपर्यंत आत पण बाजूची पट्टी बाहेर. हे फक्त सर्व्हिसपुरतं. सर्व्हिस परत मारली गेली की डबल्समध्ये सगळं १३.४० बाय ६.१० मीटरचं कोर्ट खुलं. मागच्या पट्टीत पडलेलं शटल रॅलीमध्ये आउट देणारे लोक मी प्रत्येक सोसायटीत पाहिलेत. रेषेवर पडलं म्हणजे आत, रेषेला जरासं शिवलं तरी आत. पण सर्व्हिस करताना आणि घेताना पाय रेषेवर नको, आणि शटल मारेपर्यंत दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकलेला, न सरकता. सर्व्हिस ज्याच्याकडे आली त्यानेच परत मारायची, पार्टनरने मधे हात घातला की फॉल्ट. त्यानंतर मात्र टेबल टेनिससारखं आळीपाळीने मारायचं बंधन नाही, एकानेच सलग दहा मारले तरी चालतं.

सर्व्हिसच्या उंचीवर खरं उत्तर "परिस्थितीवर आहे" असं देतो. आताचा नियम म्हणजे मारताना अख्खं शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं, २०१८ पासून मोठ्या स्पर्धांत हे आलं आणि तिथे त्यासाठी सर्व्हिस जज बसतो. तुमच्याकडे जज कुठून आणणार, खांबाला खूण करून डोळा लावून बसलात तर खेळ राहील बाजूला. त्याआधीचा नियम होता सगळ्यात खालच्या बरगडीच्या खाली, सोसायटीत तोच वापरा, साध्या भाषेत कंबरेच्या आसपास. आधी बुचावर मारायचं, पिसांवर नाही, आणि रॅकेट एकदा पुढे निघाली की मधे थांबवून हूल द्यायची नाही. २०२३ मध्ये शटल सोडतानाच बोटांनी गिरकी द्यायची नवी सर्व्हिस आली होती, समोरच्याला ते परत मारताच येईना, फेडरेशनने लगेच त्यावर बंदी घातली. तुमच्या पोरांनी व्हिडिओ बघून चालू केलं असेल तर सांगा बंद आहे म्हणून.

रॅलीतले फॉल्ट पटकन. अंगाला, कपड्याला शटल लागलं तर तुमचा फॉल्ट, तुम्ही कोर्टच्या बाहेर उभे असाल आणि शटल आउटच जाणार असेल तरीही, म्हणून आउट जाणारं शटल हाताने झेलायचं नाही. (नाना झेलत असणार, प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच.) रॅकेट किंवा शरीर नेटला लागलं तर फॉल्ट. नेटच्या पलीकडे जाऊन शटल मारायचं नाही, पण आपल्या बाजूला मारल्यावर रॅकेट ओघात वरून पलीकडे गेली तर चालतं. फ्रेमला लागून गेलं तरी ते चालतं, एकाच फटक्यात तारेला आणि फ्रेमला दोन्हीला लागलं तरी चालतं, दोनदा मारलं तर नाही.

आता छत. पुस्तकातला नियम सांगतो की छताला लागलं तर फॉल्ट. पण इमारतीच्या रचनेमुळे अडचण असेल तर स्थानिक नियम करायची मुभा पुस्तकातच आहे, आणि क्लबहाउसचं छत बघता तुम्हाला ती वापरावीच लागेल. आमच्या जुन्या हॉलला मधून एक लोखंडी तुळई जायची, बऱ्यापैकी खाली. आम्ही ठरवलेलं, तुळईला लागलं की लेट, छताला लागलं की फॉल्ट. मग लोक हरायला आले की मुद्दाम तुळईवर उडवायला लागले, एकाने तर त्यात प्रावीण्य मिळवलं. शेवटी बदल केला, एका पॉइंटला एकदाच लेट, दुसऱ्यांदा त्याच माणसाने मारलं तर फॉल्ट. तुम्ही तुमचं छत, पंखा, ट्यूबलाइट बघून ठरवा, फक्त गेम सुरू व्हायच्या आधी, १९-१९ ला नाही. लाईनचा निकालही तसाच, शटल ज्यांच्या बाजूला पडलं त्यांनी सांगायचं आणि समोरच्यांनी ते मानायचं, खरंच दिसलं नसेल तर लेट.

नेटची उंची तपासून घ्या, सोसायटीत नेट हमखास मधून लोंबतं. मधे १.५२४ मीटर म्हणजे पाच फूट, खांबाशी १.५५. टेप नसेल तर दोन रॅकेटा एकावर एक उभ्या धरा आणि वर मनगटापासून पंजा, साधारण तिथे पट्टी यायला हवी.

काकांना एवढ्यावरही पटलं नाही तर एक सुचवतो. रविवारी एक गेम त्यांच्या पद्धतीने खेळा, १५ चा, सेकंड सर्व्हिससकट. मी ज्या गावात राहतो त्याच पुण्याच्या नावाने हा खेळ एकेकाळी ओळखला जायचा, १८७० च्या दशकात इथल्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे सुरुवातीचे नियम लिहिले, आणि आपल्या सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला जिंकलं (बॅडमिंटनमधलं भारतीयाचं परदेशातलं पहिलं मोठं विजेतेपद), ते जुन्या पद्धतीनेच. गोपीचंदचं २००१ चं ऑल इंग्लंडही तसंच. आजच्या डबल्सच्या जोडीतले सात्त्विक आणि आपला मुंबईचा चिराग मात्र पूर्ण २१ वाले. काकांचा गेम झाला की दुसरा गेम २१ चा, तुमच्या पद्धतीने, आणि दोन्हीला सुरुवातीला कोण कुठे उभं होतं ते भिंतीवर खडूने लिहून ठेवा. कितीला किती झालं ते इथे टाका, आणि काका कुठल्या आकड्याला चुकीच्या बॉक्समध्ये उभे राहिले तेही.